मच्छिमार संस्थेच्या कर्मचाऱ्यांना स्वतःचे रिपोर्ट स्वतः काढता यावेत यासाठी डेटाबेसची तयारी

रत्नागिरीचा मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवण अशा बंदरांवरच्या ज्या मच्छिमार सहकारी संस्थांनी आपले दफ्तर संगणकावर आणले आहे, त्यांच्याकडे नौका, सभासद, डिझेलचे वाटप, बर्फ, लिलाव आणि सभासदांची उचल यांच्या नोंदी डेटाबेसमध्ये साठत जातात. अडचण साठवण्यात नसते, ती काढण्यात असते. व्यवस्थापकाला गेल्या तीन महिन्यांतली सुरमईची आवक नौकावार हवी असते, वसुली लिपिकाला पन्नास हजारांच्या वर थकलेल्या उचलीची यादी हवी असते, आणि दर वेळी एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) येणाऱ्या एकाच माणसाला फोन जातो. हा माणूस बहुधा संस्थेचा नोकरही नसतो. दुसऱ्या गावात बसून तो आणखी चार ठिकाणचे काम पाहत असतो. मार्चअखेरीला तर त्याचा फोन सतत व्यस्त लागतो.

वापरणाऱ्याने स्वतःच फिल्टर लावून, गट पाडून, बेरजा करून रिपोर्ट काढावा यासाठी आज कितीतरी साधने मिळतात आणि त्यांतली काही फुकट आहेत. मात्र साधन बसवले म्हणजे काम झाले, अशी जी समजूत दिसते ती महागात पडते. साधन बसवायला अर्धा दिवस पुरतो. त्यामागचा डेटा लिपिकाला वाचता येईल, आणि चुकीचे उत्तर सहजासहजी निघणार नाही, अशा रूपात आणून ठेवणे हे खरे काम आहे. पुढचे विवेचन म्हणूनच मुख्यतः त्या तयारीविषयी आहे. ते पोस्टग्रेस हे डेटाबेसचे सॉफ्टवेअर धरून लिहिले आहे, परंतु मायएसक्यूएल हे तसेच दुसरे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही त्यातले बहुतेक लागू पडेल.

आधी प्रश्न गोळा करावेत

काहीही बसवण्यापूर्वी महिनाभर एक साधी वही ठेवावी आणि कोणी काय मागितले ते त्याच्याच शब्दांत तीत लिहावे. ‘मागच्या आठवड्यात बांगड्याला काय दर मिळाला’, ‘कोणत्या नौकेने डिझेल उचलले पण लिलावाला माल आणला नाही’, ‘या सभासदाची बाकी किती’ असे ते प्रश्न असतात. महिन्याअखेर वही चाळली की बहुतेक मागण्या त्याच त्या असून फक्त तारीख, नौका किंवा मासळी बदलते, हे ध्यानात येते. स्वयंसेवेसाठी, म्हणजे वापरणाऱ्याने स्वतःच रिपोर्ट काढण्यासाठी, याच मागण्या योग्य होत. वर्षातून एकदा येणारा गुंतागुंतीचा प्रश्न जाणकारानेच सोडवावा. त्याच्यासाठी सगळ्यांची मांडणी अवघड करू नये.

चालू डेटाबेसपासून अंतर राखावे

लिलाव चालू असताना ज्या डेटाबेसमध्ये दर मिनिटाला नोंदी पडत असतात, त्याच्यावरच कोणी पाच वर्षांची बेरीज मागितली तर काट्यावर बसलेल्या माणसाचा पडदा गोठतो, आणि बंदरावर ओरड सुरू होते. यावर दोन उपाय आहेत. लहान संस्थेने रोज रात्री बॅकअप घेऊन तो दुसऱ्या संगणकावर उतरवावा आणि रिपोर्ट त्या प्रतीवर चालवावेत. कालपर्यंतची माहिती पुरेशी असेल तर यापेक्षा जास्त काही करण्याची गरज नाही, आणि बॅकअप खरोखर उतरतो की नाही याची रोजची चाचणीही आपोआप होते. आजचे आकडे आजच हवे असतील तर पोस्टग्रेसची स्ट्रीमिंग रेप्लिका, म्हणजे मूळ डेटाबेसमागोमाग आपोआप ताजी होत राहणारी प्रत, ठेवावी. तिच्यावर लांबलेली क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) मूळ सर्व्हरकडून येणाऱ्या बदलांशी अडखळली तर ठरलेल्या मुदतीनंतर रद्द केली जाते. ही मुदत मुळात ३० सेकंदांची असते. ‘रिपोर्ट मध्येच तुटतो’ अशी तक्रार आली तर आधी हे तपासावे.

रिपोर्टिंगसाठी डेटाबेसमध्ये वेगळा रोल, म्हणजे ठरावीक हक्कांचे खाते, तयार करावा, त्याला फक्त वाचण्याचा हक्क द्यावा आणि तोही सर्व टेबलांवर नव्हे. पोस्टग्रेसच्या १४ व्या आवृत्तीपासून सगळा डेटा वाचू देणारा एक तयार रोल मिळतो. तो वापरण्याचा मोह होतो, परंतु इथे तो नको, कारण सभासदांच्या टेबलात आधार क्रमांक, बँक खाते आणि मोबाइल क्रमांक असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली आला आहे, हे जरी क्षणभर बाजूला ठेवले, तरी आवकीचा तक्ता पाहणाऱ्याला शेजाऱ्याचा खातेक्रमांक दिसण्याचे काहीच कारण नाही. म्हणून रिपोर्टिंगची वेगळी स्कीमा (डेटाबेसमधला स्वतंत्र कप्पा) करून तीत फक्त व्ह्यू, म्हणजे टेबलासारख्या दिसणाऱ्या साठवलेल्या क्वेरी, ठेवावेत आणि रोलला तेवढ्याच स्कीमाची परवानगी द्यावी. पोस्टग्रेसमधला व्ह्यू मुळात त्याच्या मालकाच्या हक्काने चालतो, त्यामुळे मूळ टेबल न दाखवताही त्यातले निवडक कॉलम दाखवता येतात. जोडीला या रोलवर क्वेरीची कालमर्यादा घालावी. दोन मिनिटे पुष्कळ झाली.

व्ह्यू हेच खरे साधन

मूळ टेबले ही नोंदी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सोयीने बनलेली असतात. त्यांत कॉलमची नावे तुटक इंग्रजीत असतात, रद्द झालेल्या पावत्या एखाद्या खुणेने लपवलेल्या असतात आणि नौकेचे नाव काढायला तीन टेबले जोडावी लागतात. ही टेबले जशीच्या तशी लिपिकापुढे ठेवली तर एक-दोनदा चुकीचे आकडे निघतात, मग त्याचा विश्वास उडतो आणि फोन पुन्हा सुरू होतात. त्याऐवजी वहीतल्या प्रश्नांवरून पाच-सहा व्ह्यू बनवावेत: लिलाव, डिझेल वाटप, बर्फ, सभासदाची खातेबाकी, नौकांची यादी आणि फेरीचा हिशोब. प्रत्येक व्ह्यूमध्ये रद्द पावत्या आधीच गाळलेल्या असाव्यात आणि नावे पूर्ण लिहिलेली असावीत. सर्वांत महत्त्वाचे, त्यातली एक ओळ म्हणजे नेमके काय, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. लिलावाच्या व्ह्यूमधली एक ओळ म्हणजे एका नौकेचा एका मासळीचा एक लॉट. डिझेलच्या व्ह्यूमधली एक ओळ म्हणजे एक पावती. हे वाक्य साधनातल्या वर्णनाच्या जागी मराठीत लिहून ठेवावे.

याचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका नौकेने एका फेरीसाठी डिझेलच्या दोन पावत्या केल्या, १८,००० आणि १२,००० रुपयांच्या. माल तीन लॉटमध्ये विकला गेला, ४०,०००, २५,००० आणि १५,००० रुपयांना. म्हणजे डिझेल ३०,००० आणि विक्री ८०,००० रुपये. डिझेल वजा जाता ५०,००० रुपये उरले. आता कोणी फेरी क्रमांकावरून लिलाव आणि डिझेल ही दोन टेबले थेट जोडली, तर दोन पावत्या गुणिले तीन लॉट अशा सहा ओळी तयार होतात. डिझेलची प्रत्येक पावती तीनदा मोजली जाते आणि प्रत्येक लॉट दोनदा. साधन निमूटपणे विक्री १,६०,००० आणि डिझेल ९०,००० रुपये दाखवते, आणि शिल्लक निघते ७०,००० रुपये. आकडा अविश्वसनीय वाटत नाही, कुठे लाल अक्षरात चूक दिसत नाही, आणि सभासदांच्या बैठकीत तोच वाचला जातो. एकच पावती आणि एकच लॉट असलेल्या फेऱ्यांत उत्तर बरोबर येते, त्यामुळे दोन-चार फेऱ्या तपासूनही ही चूक सापडेलच असे नाही.

उपाय असा की, फेरीचा हिशोब हा व्ह्यू जाणकारानेच लिहावा. त्यात डिझेलची फेरीवार बेरीज आधी स्वतंत्र करावी, लिलावाची बेरीज वेगळी करावी आणि त्यानंतरच दोन्ही जोडाव्यात, म्हणजे एका फेरीची एकच ओळ राहते. टेबले जोडण्याची सोय बहुतेक साधनांत वापरणाऱ्यालाही दिलेली असते आणि जाहिरातीत तिचे कौतुक असते. माझे मत विचाराल तर लिपिकाला पहिल्या वर्षी ती शिकवूच नये.

एखादा व्ह्यू जड झाला आणि उघडायला वेळ लागू लागला, तर पोस्टग्रेसमध्ये त्याचा मटेरियलाइझ्ड व्ह्यू (ज्याचे उत्तर काढून साठवलेले असते असा व्ह्यू) करून तो रात्री ताजा करावा. मायएसक्यूएलमध्ये ही सोय मुळात नाही. तिथे बेरजांचे एक टेबल ठेवून ते ठरावीक वेळी भरावे लागते.

दिवस, महिना आणि सरासरी

बंदरावरचे व्यवहार पहाटे होतात आणि बहुतेक सर्व्हर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे पहाटे साडेपाचच्या आधी झालेला लिलाव यूटीसीप्रमाणे आदल्या दिवसाचा ठरतो. एरवी एका दिवसाची उलथापालथ खपूनही जाते, परंतु १ एप्रिलला पहाटे पाच वाजता झालेली विक्री ३१ मार्चच्या रात्री साडेअकराची म्हणून मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते, आणि ताळेबंदाशी रिपोर्ट का जुळत नाही याचा शोध घेण्यात आठवडा जातो. म्हणून व्ह्यूमध्येच वेळ आशिया/कोलकाता या भारतीय वेळक्षेत्रात बदलून ‘व्यवहाराची तारीख’ असा स्वच्छ तारखेचा कॉलम द्यावा, शेजारी ‘आर्थिक वर्ष’ हा दुसरा कॉलम तयार करून ठेवावा, आणि मूळ वेळेचा कॉलम दाखवूच नये. साधनाच्या सेटिंगमध्येही रिपोर्टची वेळ भारतीय ठेवावी.

महिन्याच्या सरासरीचा गोंधळ मासेमारीत हटकून होतो, कारण १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिकी नौकांना समुद्रात बंदी असते. साधनाने काढलेल्या सरासरीत ज्या महिन्यांच्या ओळीच नाहीत ते महिने धरले जात नाहीत. वर्षाची विक्री ६० लाख असेल, तर साधन दहा महिन्यांनी भागून महिन्याला सहा लाख सांगेल आणि हिशोबनीस बारांनी भागून पाच लाख सांगेल. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. संस्थेने कोणती सरासरी मानायची ते एकदा ठरवून ‘मासिक सरासरी (१२ महिने)’ अशा स्पष्ट नावाने तयार मोजमाप म्हणून द्यावे. बंदीकाळाचा एक उलटा उपयोगही आहे: त्या दोन महिन्यांत यांत्रिकी नौकेच्या नावावर आवक दिसली तर तारीख चुकली असण्याची शक्यता मोठी, तेव्हा अशा ओळी शोधणारा एक कायमचा रिपोर्ट ठेवावा.

दराच्या बाबतीतही असेच आहे. १० किलो सुरमई ८०० रुपयांनी आणि ९० किलो ५०० रुपयांनी गेली, तर दोन दरांची सरासरी ६५० येते. प्रत्यक्षात शंभर किलोंचे ५३,००० रुपये मिळाले, म्हणजे किलोला ५३०. ‘सरासरी’ या बटणावर दर निवडला की साधन ६५० देणार, कारण त्याला वजन ठाऊक नाही. म्हणून व्ह्यूमध्ये रक्कम आणि वजन द्यावे, आणि दर हा एकूण रक्कम भागिले एकूण वजन अशा तयार मोजमापातूनच काढायला लावावा.

मराठी मजकुराच्या अडचणी

मासळीचे नाव हाताने टाइप करण्याची सोय नोंदीत असेल तर बांगडा, बांगडे, बंगडा अशा तीन ओळी रिपोर्टमध्ये येणार. तारली आणि पेडवे, पापलेट आणि सरंगा असे गावोगावचे फरक आहेतच. मासळीचे एक स्वतंत्र टेबल करावे, प्रत्येक मासळीला एक क्रमांक आणि एक प्रमाण नाव द्यावे, आणि जुन्या नोंदींतली निरनिराळी लेखने त्या क्रमांकांशी जोडणारी यादी ठेवावी. ही यादी कार्यालयात बसून होत नाही. लिलाव पुकारणाऱ्याला शेजारी घेऊनच ती करावी. जुना डेटा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर कोणत्याही नव्या साधनात तो अगम्य चिन्हांसारखा दिसतो. आधी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करण्यावाचून गत्यंतर नाही.

व्ह्यू आणि कॉलम यांची नावे डेटाबेसमध्येच देवनागरीत ठेवावीत का, असा प्रश्न पडतो. पोस्टग्रेस ती स्वीकारतो, पण नावाची मर्यादा ६३ बाइटची आहे आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि अनुस्वारही, तीन बाइट घेते. म्हणजे जेमतेम २१ चिन्हे बसतात आणि पुढचे नाव कापले जाते. त्यापेक्षा आतली नावे साध्या रोमन अक्षरांत ठेवून, साधनात दिसणारे नाव आणि वर्णन मराठीत द्यावे.

सर्वाधिक तक्रारी मात्र वेगळ्याच कारणाने येतात. सीएसव्ही फाइल उतरवून एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली की मराठीचा चुराडा झालेला दिसतो. फाइल बिघडलेली नसते; एक्सेल तिचे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, चुकीचे धरतो. एक्सेलमधल्या डेटा या टॅबवरून ‘टेक्स्ट/सीएसव्हीमधून’ हा पर्याय घेऊन एन्कोडिंग ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडावे, किंवा साधनातून थेट एक्सेलचीच फाइल उतरवावी. तसेच ईमेलने जाणाऱ्या आलेखांत मराठीऐवजी चौकोन आले, तर सर्व्हरवर देवनागरी फाँट बसवलेला आहे का ते पाहावे.

साधन कोणते घ्यावे

इतके झाल्यावर साधनाची निवड फारशी अवघड राहत नाही. जो लिपिक दिवसभर एक्सेलमध्येच असतो त्याला एक्सेलची पॉवर क्वेरीच द्यावी. २०१६ च्या आवृत्तीपासून ती एक्सेलमध्ये अंगभूत आहे, व्ह्यू एकदा जोडला की ‘रिफ्रेश’ दाबणे एवढेच काम उरते. चार-पाच जणांनी ब्राउझरमधून पाहायचे असेल तर मेटाबेस बरा. तो मुक्तस्रोत आहे, जावा असलेल्या साध्या संगणकावर चालतो आणि एसक्यूएल न लिहिता फिल्टर आणि गट करू देतो. सुपरसेट हे २०१५ मध्ये एअरबीएनबीत सुरू झालेले आणि पुढे अपाचेच्या छत्राखाली आलेले साधन अधिक ताकदवान असले, तरी ते सांभाळायला सवडीचा आणि लिनक्स जाणणारा माणूस लागतो. एक गोष्ट त्याच्या बाजूने आहे: प्रत्येकाला आपल्याच शाखेच्या ओळी दिसाव्यात ही सोय सुपरसेटमध्ये फुकट मिळते, मेटाबेसमध्ये ती पैसे भरलेल्या आवृत्तीत आहे. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, पण केवळ विंडोजवर चालतो आणि रिपोर्ट इतरांना वाटायचा म्हटले की परवाना लागतो. लुकर स्टुडिओसारखी इंटरनेटवरची सेवा घ्यायची तर कार्यालयातला डेटाबेस बाहेरून पोहोचेल असा उघडावा लागतो, जे मी सुचवणार नाही. शिवाय पावसाळ्यात जोडणी गेली की कार्यालयातला रिपोर्टही जातो.

मेटाबेस घेतल्यास दोन गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात. तो आपले रिपोर्ट, वापरकर्ते आणि डॅशबोर्ड (अनेक रिपोर्ट एकत्र दाखवणारी पाने) मुळात एच-टू नावाच्या एका फाइलमध्ये साठवतो. ती फाइल बिघडली तर सगळे जाते, म्हणून सुरुवातीलाच त्याला पोस्टग्रेसमध्ये जागा द्यावी आणि त्या जागेचाही बॅकअप कार्यालयाबाहेर ठेवावा. चिपळुणात २२ जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. तळमजल्यावरचा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातला बॅकअप यांना पूर वेगवेगळा भेटत नाही. दुसरी गोष्ट अशी की, सर्व वापरकर्त्यांचा जो मूळ गट असतो त्याचे हक्क आधी काढून घ्यावेत. मेटाबेसमध्ये एकाच माणसाला दोन गटांतून वेगवेगळे हक्क मिळाले तर त्यांतला जास्त मोकळा हक्क लागू होतो, म्हणून मूळ गट उघडा राहिला तर बाकी गटांवरची बंधने कागदावरच राहतात.

शिकवणे आणि पुढची निगा

शिकवण्यासाठी दोन तासांच्या दोन बैठका पुरतात, पण नमुना डेटावर नव्हे, वहीतल्या त्यांच्याच प्रश्नांवर. व्ह्यू निवडणे, फिल्टर लावणे, बेरीज मागणे आणि गट पाडणे या चार क्रिया प्रत्येकाने स्वतःच्या हाताने कराव्यात. शिकवणाऱ्याने माउस हातात घेऊ नये. पहिल्या बैठकीत आदल्या दिवशीच्या लिलावाची एकूण रक्कम सर्वांनी काढावी आणि ती हाताने लिहिलेल्या रोजकीर्दीशी ताडून पाहावी. आकडा जुळल्याचे ज्याने स्वतः पाहिले तो पुढे साधन वापरतो. बाकीचे फोनच करतात.

प्रत्येक डॅशबोर्डच्या माथ्यावर ‘माहिती अमुक तारखेच्या अमुक वेळेपर्यंतची’ अशी ओळ व्ह्यूमधून काढून दाखवावी. रात्रीची प्रत उतरलीच नसेल तर तिथे जुनीच तारीख अडकलेली दिसते आणि तक्रार योग्य शब्दांत येते. तपासलेले रिपोर्ट ‘संस्थेचे’ म्हणून एका संग्रहात ठेवावेत आणि त्यांत बदल करण्याचा हक्क एक-दोघांनाच असावा. प्रत्येकाचे स्वतःचे प्रयोग त्याच्या खाजगी संग्रहात राहावेत. हंगाम संपला की बंदीकाळात सवड असते, तेव्हा वर्षभर कोणी न उघडलेले रिपोर्ट काढून टाकावेत. लिलावाचे सॉफ्टवेअर बदलून देणाऱ्यालाही सांगून ठेवावे की टेबलात फेरफार करण्याआधी त्यावर कोणते व्ह्यू उभे आहेत ते पाहा, कारण कॉलमचे नाव तेच राहून अर्थ बदलला तर व्ह्यू तुटत नाही, फक्त खोटे बोलू लागतो.

डिझेलवरील करपरताव्याचे प्रस्ताव, लेखापरीक्षकाला द्यायची विवरणे आणि सभासदाला सहीशिक्क्यानिशी द्यायचा खातेउतारा या कागदांना मात्र स्वयंसेवेच्या बाहेरच ठेवावे. त्यांचे साचे ठरलेले असतात आणि त्यांतला एक फिल्टर कोणी नकळत बदलला तर उत्तर संस्थेला द्यावे लागते. ते जाणकाराने लिहिलेल्या बंद साच्यातूनच निघावेत, वापरणाऱ्याला त्यात फक्त महिना आणि नौका निवडता यावी, आणि छापलेल्या प्रत्येक प्रतीवर ती कोणी व केव्हा काढली हे आपोआप उमटावे.